लांबचा पुढे

आमच्या कॉलेजात गुरुपौर्णिमेच्या दिवशी समाजशास्त्राचे सर हमखास हरवायचे. मुलं फुलं घेऊन स्टाफरूमपासून कॅन्टीनपर्यंत त्यांना शोधत फिरायची आणि सर माझ्या ग्रंथालयात, शेवटच्या कपाटामागे, कोशांच्या रांगेला पाठ लावून उभे असायचे. "मॅडम, मी इथे नाही," असं मलाच दटावून सांगायचे. मी दाराशी आलेल्या पोरांना सांगायची, "सर इथे नाहीत." तेवढ्यात कपाटामागून शिंक यायची, कारण त्या कोशांना माझ्याशिवाय कोणी हात लावत नसे आणि मीही वर्षातून एकदाच लावायची. पोरं हसत हसत फुलं माझ्या टेबलावर ठेवून जायची.

पाया पडून घ्यायला एवढं काय घाबरायचं, असं मी एकदा विचारलं. "पाया पडलेला मुलगा मला पुन्हा अडवत नाही," ते म्हणाले. "आणि मला अडवणारं इथे दुसरं आहे कोण?"

किन्हवलीच्या पुढे, जिथून डोंगर अंगावर यायला लागतात, तिथे आमचं कॉलेज आहे. मी तिथली ग्रंथपाल, कायम नोकरीची. सर होते तासिका तत्त्वावरचे. म्हणजे तास घेतला तर त्याचे पैसे, सुट्टी लागली की बंद. एम.ए., सेट, पीएच.डी., सगळी बिरुदं असून वर्षानुवर्षं तसेच. दर जूनमध्ये त्याच जागेसाठी त्यांची नव्यानं मुलाखत व्हायची. आदल्या आठवड्यात ज्यांच्यासोबत वडापाव खाल्ला तीच मंडळी टेबलापलीकडे बसून विचारायची, "आपलं नाव?" आणि सर नीट, गंभीरपणे नाव सांगायचे. माझा संताप संताप व्हायचा. सर म्हणायचे, "मॅडम, चिडू नका. हा माझ्या विषयातलाच भाग आहे. फुकटात अभ्यास होतो."

त्यांच्या वर्गात बसायचा एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडू दिला नाही: लांबचा पुढे. ज्याला कॉलेजात पोचायला जास्त वेळ लागतो, त्यानं पहिल्या बाकावर बसायचं. डोळखांबच्याही वर, डांबर संपल्यावर पायवाटेनं ज्यांचे पाडे लागतात ती मुलं पहिल्या रांगेत. मग एस.टी.नं येणारी. किन्हवलीची, मोटरसायकलवरून येणारी, भिंतीला. सुरुवातीला पाड्यांवरची मुलं रडकुंडीला यायची. शाळेपासून शेवटच्या बाकाची सवय, एकदम सरांच्या नाकासमोर बसायचं म्हणजे शिक्षाच. हजेरीसुद्धा सर रोल नंबरानं घेत नसत, गावानं घेत. "वरचा पाडा!" असं ओरडायचे आणि एखादी मुलगी उठून पुटपुटायची, "हाय सर." प्राचार्यांनी त्यांना दोनदा बोलावून समज दिली की ही हजेरी आहे, जनगणना नाही.

दुसरं म्हणजे 'हुशार' हा शब्द. तो त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. स्टाफरूममध्ये कोणी सहज म्हणालं, "अमकी फार हुशार आहे हो," की सर चहाचा कप खाली ठेवायचे.

"वडील काय करतात तिचे?"

"शिक्षक आहेत."

"मग हुशार नाही. शिक्षकाची मुलगी आहे."

समोरच्याचा चेहरा पडायचा. माझ्या भाच्याला बोर्डाच्या परीक्षेत उत्तम गुण मिळाले तेव्हा मी आसनगावाहून पेढे घेऊन गेले होते. सरांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि विचारलं, "घरात त्याला स्वतःची खोली आहे ना?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण खोटं कशाला सांगू, भाच्याला खोली होती, टेबल होतं आणि टेबलावर दिवा होता.

शहापूरच्या त्यांच्या खोलीवरून येताना एस.टी.त ते कायम मागच्या सीटवर बसायचे आणि कॉलेजच्या एक थांबा आधी उतरून चालत यायचे. मुलं उठून जागा देतात, ते त्यांना सोसायचं नाही. उन्हातान्हात घाम गाळत येताना दिसले की शिपाईसुद्धा म्हणायचा, "आले बगा आमचे पदयात्री." या सगळ्या तऱ्हांना मुलं हसायची, शिक्षक वैतागायचे आणि मला कधी गंमत वाटायची, कधी चीड यायची. पण तास सुटल्यावर ग्रंथालयात येऊन पुस्तक मागणारी जी काही मोजकी पोरं होती, ती सगळी सरांच्या वर्गातली होती, हेही मला दिसत होतं.

'शिक्षण आणि समाज' हे प्रकरण दुसऱ्या वर्षाला यायचं. त्या दिवशी सर काखेत सूप मारून यायचे. बांबूचं, शेणानं सारवलेलं, मुरबाडच्या त्यांच्या मूळ घरातलं साधं सूप, आणि पिशवीत थोडं सालासकटचं भात. वर्गात वर्तमानपत्र अंथरून ते भात पाखडायला लागायचे. आईनं शिकवलं असणार, पण हात काही बसला नव्हता. निम्मा कोंडा स्वतःच्या शर्टावर. मी त्या दिवशी ग्रंथालयाला कुलूप घालून दाराशी उभी राहायची.

"समाजाचा अभ्यास करणाऱ्यांच्या दोन घरांचं भांडण आहे," सर सांगायचे. "पहिल्या घरातले म्हणतात, शाळा म्हणजे सूप. सगळ्यांना एकत्र घालायचं, पाखडायचं. भरलेला दाणा राहतो, फोल उडून जातं. ज्याच्यात दम असतो तो पुढे जातो, समाजाला हवी तिथे हवी ती माणसं मिळतात. वर सगळे एका सुपात नाचलेले, म्हणून एकमेकांना आपले मानतात. छान आहे ना?"

मुलं म्हणायची, "छान आहे सर."

"दुसऱ्या घरातले म्हणतात, जरा थांबा. आधी सूप कोणाच्या हातात आहे ते बघा. मग दाणा कुठल्या खाचरातून आला ते बघा. ओढ्याकाठच्या खाचरातला दाणा भरणारच. माळावरच्याला पाणीच मिळालं नाही, तो कुठून भरणार? सूप काही त्याला पाणी देत नाही. सूप फक्त चारचौघांत ठरवून टाकतं की हा फोल होता. आणि सगळ्यांत वाईट काय, तर उडून जाताना त्यालाही वाटतं, माझ्यातच काही नव्हतं."

मग हमखास कोणीतरी विचारायचं, "सर, परीक्षेत कुठलं लिवायचं?" आणि सर भडकायचे. "परीक्षेसाठी शिकू नका रे! परीक्षा हे सुपाचंच काम आहे. घरी जा, आपल्या पाड्याकडे बघा आणि कुठलं घर खरं बोलतंय ते ठरवा."

यमुना वरच्या पाड्याची. तिचे आईबाप दिवाळी झाली की मुरबाडच्या बाजूला वीटभट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडाशी परतायचे. ही तेवढे महिने मावशीकडे राहून कॉलेज करायची. तिचा मोठा भाऊ आमच्याकडूनच बी.ए. झालेला, पण त्या पाड्यावरून कॉलेजात आलेली मुलगी ही पहिलीच. ठेंगणी, काटक, डोळे सतत समोरच्या माणसावर रोखलेले. माझ्याकडे येऊन गाईड मागणाऱ्या मुली खूप. हिनं सुपाच्या तासाच्या दुसऱ्याच दिवशी विचारलं, "मॅडम, सर सांगतात ती दोन घरं कुठल्या पुस्तकात हायत?" मी पुस्तक दिलं. ते तिनं इतके दिवस ठेवलं की मला तिला तीनदा निरोप धाडावा लागला.

सुपाच्या तासानंतर सरांनी त्या प्रकरणावर उत्तर लिहायला सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. दुपारी सर ग्रंथालयात आले ते जवळजवळ धावतच. हातात एक फुलस्केप कागद. "मॅडम, हे वाचा. नाही, थांबा, मीच वाचतो." आणि त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. यमुनानं लिहिलं होतं की पुस्तकातली दोन्ही घरं अर्धवट बोलतात, कारण त्यांनी तिचा भाऊ बघितलेला नाही. तिचा भाऊ शिकला, म्हणून त्याला आता भट्टीवर जायची लाज वाटते. आणि तो शिकला तरी त्याला ऑफिसात कोणी घेत नाही. 'शाळा आम्हाला भट्टीला नालायक करते आणि ऑफिसाला लायक करत नाही. मध्येच ठेवते. मध्ये राहायला जागा नसते.'

सरांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. "मॅडम, पोरगी हुशार आहे हो," ते म्हणाले.

मी सोडते होय? "वडील काय करतात तिचे?" मी विचारलं.

सर आधी दचकले, मग असे हसले की मी त्यांना इतक्या वर्षांत तसं हसताना पाहिलं नव्हतं. तो कागद त्यांनी सूचनाफलकावर लावला, प्राचार्यांच्या सूचनेच्या बरोबर वर. पुढे तिला एम.ए.ला कुठे घालायचं, वसतिगृह कुठलं, शिष्यवृत्तीचं काय, हे सगळं मला त्यांनी एका चहात सांगून टाकलं. मुलीनं अजून दुसरं वर्षसुद्धा पार केलं नव्हतं.

सुट्टी संपली आणि यमुना आली नाही.

सर रोज हजेरी घ्यायचे. "वरचा पाडा!" आणि थांबायचे. पहिल्या बाकाचा तो कोपरा मोकळा. भिंतीकडून कोणीतरी खुसखुसायचं. सर पुन्हा ओरडायचे, "वरचा पाडा!" मग पुढच्या गावाचं नाव घ्यायचे. त्या जागेवर कोणी बसायला गेलं तर उठवायचे. फलकावरचा तिचा कागद उन्हानं पिवळा पडत गेला आणि परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत जवळ यायला लागली. एक दिवस सर माझ्याकडे आले. "भट्टीवर आहे ती. भाऊ भेटला स्टँडवर, त्यानं सांगितलं. मॅडम, तुम्ही याल? पोरीला भेटायला मी एकट्यानं जाणं बरं दिसत नाही."

आम्ही रविवारी गेलो. शहापूरहून मुरबाडची एस.टी., तिथून टमटम, मग नदीकडे उतरणारी मातीची वाट. वाटेत सर माझ्यावर आपल्या मुद्द्यांची तालीम करत होते. शिष्यवृत्तीचं असं सांगीन, भाऊ घरी आहे तर त्याला पाठवा म्हणीन, परीक्षेपुरतं तरी ये म्हणीन. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला मध्येच वाटून गेलं, हा माणूस मुलाखतीला निघालाय.

भट्टी धुमसत होती. एका अंगाला ओल्या विटांच्या रांगाच रांगा मांडलेल्या. यमुना उकिडवी बसून साच्यात चिखल थापत होती आणि साचा उलटा करून वीट पाडत होती. कोपरापर्यंत हात मातीनं भरलेले. आम्हाला बघून ती उठली, पदरानं तोंड पुसलं आणि तोंडालाच माती लागली. तिची आई लांबूनच ओरडली, "यमने, सरांना पानी दे गो!" आणि पुन्हा चिखल तुडवायला लागली.

सर पाणी प्यायले. मग पाठ केलेले सगळे मुद्दे त्यांनी एका दमात सांगून टाकले. यमुना ऐकत होती, तशीच, डोळे रोखून.

"सर, दादा बी.ए. झाला," ती म्हणाली. "आता तो हितं येत नाय. लाज वाटते त्याला. दिसभर मोबाईलवर पोलीस भरती बघत बसतो. त्याच्या वाटच्या विटा कोन पाडंल? आयचे गुडघे गेले. मी बी.ए. झाली की मला पन लाज वाटंल. मंग माझ्या वाटच्या कोन पाडंल?"

"म्हणून तू सोडणार? अगं, तुझ्यासारखी मुलगी माझ्या वर्गात आजवर आली नाही."

"तुमीच सांगलं व्हतं ना सर, सूप कोनाच्या हातात हाय ते बगा. घरी जा, पाड्याकडं बगा. मी बगलं. तुमच्या दुसऱ्या घरातले खरं बोलतात."

सर एक पाऊल पुढे आले. आणि मग त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

"अगं, ते परीक्षेपुरतं होतं!"

भट्टीवर माणसं कामं करत होती, कुत्रं भुंकत होतं, पण मला आठवतं ते असं की सगळं थांबलं. यमुनालाही ते लागलं. रागावली नाही ती. एखादं मोठं माणूस चारचौघांत धडपडलं की आपण जशी नजर वळवतो, तशी तिनं मान खाली घातली.

"मंग खरं काय, सर?" तिनं हळूच विचारलं.

सर इस्त्रीच्या शर्टाची बाही सारखी करायला लागले.

"तुमच्या हाताखालनं येवडी पोरं गेली. पाड्यावरचा एक सांगा, शिकून बरा झालेला. तुमी सांगाल तर मी आत्ता हात धुते." ती थांबली. सर आठवत होते, खरंच आठवत होते, ओठ हलत होते. मग तीच म्हणाली, "तुमी तरी काय सर. माझ्या बापाला विटंवर पैसे, तुमाला तासावर. तुमचा पन पाऊस पडला की धंदा बंद."

ती हे चिडून बोलली नाही. तिला हिशेब लागला होता, तो तिनं आपल्या माणसाला दाखवला. निघताना तिनं आम्हा दोघांना वाटेपर्यंत सोडलं आणि सरांना म्हणाली, "उन्हाचं चालू नका हां, टमटमनं जा."

परतताना सर एस.टी.त पुढच्या सीटवर बसले. कोणीतरी उठून दिली आणि ते बसले. शहापूरला उतरल्यावर म्हणाले, "मॅडम, मी चांगलं शिकवलं ना?" मी म्हटलं, "फार चांगलं शिकवलंत, सर." आणि ते खरं होतं, तेच तर दुःख होतं.

पुढच्या वर्षी सूप आलं नाही. त्या दिवशी मी सवयीनं कुलूप घालून दाराशी गेले, तर सर खुर्चीत बसून गाईडमधून लिहून देत होते. शिक्षणाची कार्ये: एक, व्यक्तीला समाजात सामावून घेणे. दोन, गुणवत्तेनुसार निवड करणे. तीन, प्रगतीची संधी देणे. मुलं मान खाली घालून उतरवून घेत होती. दुसऱ्या घराचं नाव नाही. हजेरी रोल नंबरानं झाली. 'लांबचा पुढे' कोणी रद्द केलं नाही, पण कोणी पाळायला लावलं नाही तेव्हा पाड्यांवरची मुलं आपसूक उठून भिंतीपाशी जाऊन बसली. निकाल चांगला लागला. प्राचार्यांनी सरांचं बैठकीत कौतुक केलं आणि सरांनी ते ऐकून घेतलं.

मी भांडले त्यांच्याशी. ग्रंथालयात, भरदुपारी, मोठ्या आवाजात. "हे काय चालवलंय? यमुनानं काय सांगितलं आणि तुम्ही काय शिकलात?"

"खरं शिकवलं तर ती जातात, मॅडम," सर म्हणाले. "खोटं शिकवलं तर बसतात."

"बसून काय होतं?"

"बसतात," ते म्हणाले. एवढंच.

गुरुपौर्णिमेला ते लपले नाहीत. स्टाफरूममध्ये बसून राहिले आणि मुलं पाया पडून गेली. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले, आणि नवरा विचारायला लागला तर सांगता येईना की काय झालं.

मग एका जूनला मुलाखतच निघाली नाही. समाजशास्त्राला मुलं येत नाहीत म्हणून विषय बंद झाला. त्या वर्गाच्या दारावर आता स्पर्धा परीक्षा मार्गदर्शनाचा फलक आहे, आत प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत आणि जुने बाक मागच्या वऱ्हांड्यात एकावर एक रचलेत, त्यांत कोंबड्या बसतात. सर शेवटच्या दिवशी ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला आले आणि सोबत ते सूप. "हे तुमच्याकडे असू दे. घरी गिरणीच आहे, लागत नाही." मुरबाडला भावाची भातगिरणी होती, तिथे ते बसायला लागले होते. मी सूप शेवटच्या कपाटावर ठेवून दिलं.

तेच सूप मागायला यंदा यमुनाचा भाऊ आला. हायवेच्या गोदामात पॅकिंगला लागलाय, अंगात कंपनीचा टी-शर्ट. "यमीला पोरगी झाली, मॅडम. पाड्यावरच दिलीय तिला. पाचवीला बोलवलंय तुमाला. आन सरांचं सूप तुमच्या कपाटावर हाय आसं पोरांकडनं आयकलंय तिनं. पोरीला त्यात निजवायचीय म्हनते."

मी गेले. वाटेत पाड्याची शाळा लागली. भिंतीवर रंगवलेली बाराखडी आणि दाराला गंजलेलं कुलूप. पट कमी म्हणून शाळा खालच्या गावातल्या शाळेत घातली होती. संध्याकाळ व्हायला आली होती. यमुनाच्या झोपडीत सारवून, दिवा लावून पूजा मांडली होती. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून तिच्यासाठी कोरा कागद ठेवलेला. कागदावर भावानं खिशातलं पेन ठेवलं. सुईण म्हातारी म्हणाली, "बी.ए.चा पेन हाय, बरं लिवील."

यमुनानं सुपावरून हात फिरवला, त्यात फडकं घातलं आणि मुलीला निजवलं. मग सूप उचलून दोन्ही हातांत धरलं. "मॅडम," ती म्हणाली, "हिला शाळंत घालू का नको? सरांना इचारा. मी तवा चिडून बोलले आसं त्यांना वाटलं आसंल. चिडली नव्हती. त्यांच्यासारकं खरं आमच्याशी कोन बोललंच नाय. म्हनून त्यांनाच इचारायचं."

पाड्यावर फोनला रेंज नसते. वरच्या कातळावर मिळते. मी चढून गेले आणि फोन लावला. मागे गिरणीचा पट्टा फडफडत होता. मी सांगितलं, "सर, यमुनाला मुलगी झाली. तुमच्या सुपात निजवलीय." मग मी तिचा प्रश्न विचारला, जसाच्या तसा. पट्टा फडफडत राहिला. कोणीतरी ओरडून विचारलं, "पोतं कुठं लावू?"

"मॅडम," सर म्हणाले, "मी आत्ता तासावर आहे." आणि फोन बंद झाला.

मी बराच वेळ कातळावर उभी राहिले. चीड आली, मग तीही उरली नाही. खाली आले तर यमुना तशीच सूप हातांत धरून दाराकडे बघत होती.

"काय बोलले?"

"तासावर आहेत," मी म्हटलं.

तिचा चेहरा असा उजळला की मला पुढचं काही बोलवेना. "आजून शिकवतात? मला वाटलं, भट्टीवर माझ्या तोंडातनं आलं ते आयकून हा मानूस परत वर्गात जायाचा नाय. कितीदा वाटलं मला." तिनं सूप किंचित वर घेतलं आणि लेकीकडे वाकून म्हणाली, "मंग झालं. जायाचं गो शाळंत. त्यांच्याच वर्गात जायाचं."

सुईणीनं पेन उचलून कागदावर सरळ ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

"मॅडम, सरांना सांगा," यमुना म्हणाली, "वरच्या पाड्याची येनार हाय. पुढचा बाक धरून ठेवा."

मी म्हटलं, "सांगते."